वाक्यात उपयोग करा

फळ्यावर मीच लिहिला होता शब्द
घाईत, घंटेच्या तोंडावर:
रँकर. म्हणजे आकस, कडवटपणा, मनात धरून ठेवलेलं वैर.
पाच वाक्यं करून आणा.

आता रात्रीचे साडेदहा.
लातूर झोपत नाही या दिवसांत.
समोरच्या अभ्यासिकेत ट्यूबलाइटी जळतायत,
पाण्याचा टँकर गल्लीच्या तोंडाशी पुढे-मागे करतोय,
आणि मी नववी ब च्या बावन्न वह्या घेऊन बसलेय,
लाल पेन, कपात गार झालेला चहा.

बहुतेकांनी गाईडातून उतरवलंय.
"ही स्पोक विदाउट रँकर."
बेचाळीस जण आकस न ठेवता बोललेत.
बरोबर, बरोबर, बरोबर.
एवढं बरोबर आमच्या गावात कधीच नव्हतं.

तहेनियतनं लिहिलंय, माझी दादी याला कीना म्हणते,
कीना ठेवला तर दुआ पत्र्यापर्यंतच जाते.
वाक्य इंग्रजीत नाही. तरी अर्धा मार्क दिला.

मग मन्मथ बिराजदारची वही,
कोपऱ्यावर हळदीचा अंगठा.
"माय ब्रदर इज रँकर.
रँकर इज स्लीपिंग इन कूलर रूम.
मदर गिव्ज बदाम टू रँकर.
आय ॲम नॉट रँकर.
इन अवर हाउस देअर इज वन रँकर ओन्ली."

आधी हसले. चूक उघड होती.
चौकातल्या फ्लेक्सवर हार घालून उभा असतो तो रँकर,
बोर्डात तिसरा, नीटला सहाशे नव्वद,
लेकरू त्यालाच हा शब्द समजलं.
फुली मारायला पेन टेकवलं
आणि शेवटची ओळ पुन्हा वाचली.
घरात एकच रँकर आहे, खरंय.
फक्त तो कूलरच्या खोलीत झोपलेला नाही.

मीही रँकरच होते की.
केंद्रात पहिली, पेपरात अंगठ्याएवढा फोटो.
बालिकाक्का दोन वर्षांनी मोठी.
कंदिलाची काच रोज तिनं पुसायची,
उजेड मी वाचायचा.
सातवीतून तिला काढलं, मला लातूरला ठेवलं.
तिला कुणी विचारलं नाही.
मीसुद्धा.

वेळअमावस्येला तिच्या शेतात सगळे जमतात.
मला डबा येतो भाच्याच्या हाती,
भज्जी, उंडे, बाटलीत आंबील.
फोन नाही. "ये" नाही.
डबा परत गेला की विचारते म्हणे,
"मॅडमला गोड लागलं का, काय म्हनल्या?"

शब्दकोश म्हणतो वैर.
वैर असतं तर डबा आला नसता.
हे खवट आहे.
भाजलेल्या शेंगदाण्यांची मूठ तोंडात टाकावी,
आणि शेवटचा एकच दाणा तसला निघावा.
मुठीचा काही दोष नाही,
पण मग पाणी पिऊनही चव त्याचीच.
दाणा मुळात वाईट नसतो हो,
फार दिवस डब्यात बंद राहतो, एवढंच.

मन्मथच्या वहीखाली शेरा लिहायला घेतला:
तू कुठे झोपतोस?
खोडला. शाळेच्या वहीत असलं विचारत नाहीत.

मग मागच्या कोऱ्या पानावर माझंच एक वाक्य करून पाहिलं.
क्रियापद सापडलं, काळही, चालू वर्तमान, चाळीस वर्षं चालू.
कर्त्याशी अडले.
बालिकाक्का लिहावं की मी?
कुणाच्या मनात, कुणाविषयी,
आणि इंग्रजीत मधे कुठलं अव्यय लागतं,
टोवर्ड्स की अगेन्स्ट,
मुलांना हे रोज शिकवते मी.

टँकर शिरला शेवटी.
गल्लीभर घागरींचा आवाज, कुणीतरी कुणाच्या नंबरावरून भांडतंय.
वही उघडीच ठेवून उठले,
पेनाचं टोपण न लावता.